हजेरी, उचल आणि पंधराशे रुपये

२०२४च्या ऑगस्टमध्ये, राखी पौर्णिमेच्या तोंडावर, 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे दरमहा पंधराशे रुपयांचे पहिले दोन हप्ते एकदमच बायकांच्या खात्यांत पडले. दीड-दोन महिन्यांत सोयाबीनची काढणी आली. लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत खरिपाचा जीव सोयाबीनमध्ये अडकलेला असतो. शेंग तडकण्याआधी आणि परतीच्या पावसाने गाठण्याआधी पीक काढून ढीग झाकून ठेवावा लागतो, त्यामुळे सगळ्या शिवाराला एकाच पंधरवड्यात बाया हव्या असतात. त्या पंधरवड्यात पारावर, आडत दुकानात आणि एसटीच्या थांब्यावर एकच बोलणे चालू होते: सरकार घरबसल्या पैसे देते, मग बाया रोजाने कशाला येतील? ही तक्रार योजनेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. या भागात कष्टकरी कुटुंबाच्या हातात रोकड येण्याच्या वाटा पिढ्यानपिढ्या ठरलेल्या होत्या, आणि त्यातल्या प्रत्येक वाटेवर आधी तरी नाहीतर मागाहून तरी अंग मोडून घ्यावे लागे. धडधाकट बाईच्या नावावर कोणत्याही कामाच्या बदल्यात नसलेला पैसा दरमहा येतो आहे, हे इथे पहिल्यांदाच घडते आहे. त्याने ती काम सोडते असे मानायला आधार नाही. कोणाचे काम, कोणत्या दिवशी, कोणत्या दराने करायचे हे ठरवायला तिला थोडी जागा मिळते, आणि मालकाला खटकते ती ही जागा.

जुन्या वाटा आधी पाहू. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरे. काही रोख, काही ज्वारी, वर्षाचे कपडे-चपला, आणि लग्नकार्य किंवा आजारपण निघाले की मालकाकडून उचल. करार पुरुषाशी होई; पण वाड्यातले शेणघाण, झाडलोट, हंगामात खुरपणी-वेचणी ही त्याच्या बायकोने करायची कामे न बोलता त्यातच धरलेली असत. उचल फिटली नाही की पुढचे साल त्याच घरी. कुटुंबाला मिळालेला पैसा म्हणजे पुढच्या वर्षाचे श्रम आधीच विकल्याची पावती असे. साखर कारखानदारी वाढल्यावर हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर उसाच्या फडात गेला. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूर या बालाघाटाच्या माळरानावरच्या तालुक्यांतून दिवाळी झाली की बैलगाड्या, नंतर ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो, कारण घरात पैसा संपलेला असतो ते दिवस तेच. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. उचल नवऱ्याच्या हातात पडते, हिशेब त्याच्या नावाने राहतो, आणि बाईने एक दिवस अंग टाकले तर खाडा दोघांच्या नावावर चढतो. पोटुशी बाई शेवटच्या महिन्यांपर्यंत मोळी का उचलते, तान्हे मूल पाचटात का झोपवते, बीड जिल्ह्यात ऐन वयातल्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याची प्रकरणे २०१९मध्ये चौकशी समिती नेमण्यापर्यंत का गेली, याचे उत्तर या हिशेबात आहे. कुटुंबाला एकरकमी रोकड देणारी या भागातली सर्वांत मोठी व्यवस्था गेली काही दशके मुकादमाची आहे. ती आईबापांच्या कामावर काय परिणाम करते असे कोणी विचारत नाही, कारण परिणाम मालकाच्या सोयीचा आहे.

दुसरी वाट सरकारची. १८८०च्या दुष्काळ आयोगाने इंग्रजी मुलखासाठी तत्त्व घालून दिले ते असे: ज्याच्या अंगात काम करण्याची ताकद आहे त्याला मदत कामावरच द्यायची, आणि फुकट मदत फक्त म्हातारे, अपंग, निराधार यांना. तीन वर्षे आधी, १८७७च्या दुष्काळात, इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या माणसाचे धान्य दिवसाला एका पौंडावर आणले होते आणि त्याविरुद्ध मुंबई इलाख्यातले मजूर कामे सोडून निघून गेले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू घेतली. आयोगाने धान्य वाढवले, पण अट कायम ठेवली. लातूर-नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि तिथल्या कारभाराची दुष्काळाकडे पाहण्याची नजरही फार निराळी नव्हती. लोकांना पैसा दिला की ते आळसावतात, म्हणून मदतीआधी घाम पाहायचा, हा विचार राज्य बदलले तरी टिकला. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १९७२च्या दुष्काळात सरकारने मजुरापुढे ठेवली ती पुन्हा खडीच.

त्या दुष्काळाचा मार उस्मानाबाद, बीड, औरंगाबाद या जिल्ह्यांना जास्त बसला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२च्या ऑगस्टमध्ये. १९७३च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, आणि सगळीकडे खडी फोडणे. मजुरी पंधरवड्याने, कधी त्याहून उशिरा. मधल्या काळात सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो. या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या हे त्या दुष्काळाचे एक मोठे सामाजिक वैशिष्ट्य, आणि ते पुढेही राहिले. काम मोजून दाम असल्याने बाईचा दर वेगळा ठेवायला कागदावर तरी जागा नव्हती, गावातल्या मालकाची मर्जी सांभाळावी लागत नव्हती, आणि जातीच्या, मानपानाच्या कारणाने परक्याच्या बांधावर न जाणाऱ्या घरच्या बायकांनाही सरकारी कामावर जाण्यात कमीपणा वाटेनासा झाला. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना या अनुभवातून राज्याची योजना झाली. १९७५च्या व्यवसाय कराने तिला शहरातल्या नोकरदाराचा पैसा मिळाला, १९७७मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. वेगवेगळ्या पाहण्यांत तिच्या कामांवरच्या बायकांचे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या घरात दिसते. देशातल्या दुसऱ्या कोणत्या सरकारी कार्यक्रमाने त्या काळात एवढ्या बायकांच्या हातात रोख मजुरी दिली असेल असे वाटत नाही.

आणि नेमकी तेव्हाही तक्रार हीच होती. रोहयोचे काम निघाले की शेतीला मजूर मिळत नाही, बाया खुरपणीला यायला भाव मागतात, सरकार शेतकऱ्याच्या पोटावर पाय देते. तक्रार खोटी नव्हती. ज्या गावात बाईला मिळेल त्या हजेरीवर जावे लागत होते, तिथे दोन-तीन किलोमीटरवर दुसरे काम मिळू लागले तर शेतातली हजेरी वाढणारच. हमीचा अर्थच तो. पण तक्रारीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे शेती बसेल हा, इतिहासात उतरला नाही. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३मध्ये या योजनेचा अभ्यास करताना उलटेच दाखवले: रस्ते, तलाव, विहिरी यांचा लाभ जमीनवाल्यांनाच जास्त झाला आणि मजूर गाव सोडून न जाता हंगामाला हाताशी राहिला. पुढे १९८८मध्ये किमान वेतन वाढले तसा रोहयोचा दर जवळजवळ दुप्पट झाला. मजूर लोटायला हवे होते; प्रत्यक्षात कामावरचे मजूर घटले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी आकडे तपासून निष्कर्ष काढला की सरकारने कामेच आखडती घेतली, म्हणजे हमी कागदावर राहिली. मजुराला दुसरा आधार मिळू लागला की तो आधार हंगामापुरता काढून घ्या, ही मागणी तेव्हापासून सतत जिवंत आहे. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी जो नवा कायदा आणला, त्यात पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्षाला ६० दिवसांपर्यंत सरकारी कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. पारावरची जुनी तक्रार आता देशाच्या कायद्यात जाऊन बसली आहे.

काम न मागता पैसा देणाऱ्या योजना आधी नव्हत्या असे नाही. १९८०मध्ये अंतुले सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. पण तिची अटच अशी की लाभार्थी कमवायला असमर्थ असला पाहिजे, म्हणजे १८८०च्या आयोगाचीच दुसरी बाजू. २०१७च्या मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये पहिल्या बाळंतपणापुरते आणि हप्त्याहप्त्याने. २०२३च्या 'लेक लाडकी'ची एकूण रक्कम १ लाख १ हजार, पण त्यातले ७५ हजार मुलगी अठराची झाल्यावर. बाई कमावती आहे, धडधाकट आहे आणि तरीही मुले-म्हातारी सांभाळण्याच्या तिच्या कामासाठी घरात दरमहा रोकड हवी, हे राज्याने कधी मान्य केले नव्हते. याच भूमीत एक अनुभव मात्र त्या दिशेचा होता आणि तो फार कमी आठवला जातो. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी गेली. बाकीच्या शेकडो गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीसाठी कुटुंबांना टप्प्याटप्प्याने पैसे मिळाले. त्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. पैसा कुठे लागला, कोपऱ्यात सळई बसली की नाही, हे त्या बघू लागल्या. पुढे त्यांच्यातूनच बचत गटांची मोठी साखळी उभी राहिली. मदतीचा पैसा घरात आला आणि बायका घरात बसल्या, असे लातूर-उस्मानाबादमध्ये घडले नाही. त्या घराबाहेर पडल्या, कारण पैशाबरोबर त्यांना करायला काहीतरी दिले होते.

आता २०२४ची योजना. २८ जून २०२४चा शासन निर्णय वाचला तर एक मौज दिसते. त्याच्या प्रास्ताविकातच हे आकडे येतात की राज्यात पुरुषांची रोजगाराची टक्केवारी ५९.१० आणि स्त्रियांची २८.७०, म्हणजे बायका कमावत नाहीत या चिंतेतून सरकार पैसे देते आहे, आणि त्यांनी काम सोडले असा आरोप त्याच पैशावर आहे. दोन्ही म्हणण्यांत एक समान चूक आहे. जी बाई पहाटे शेण काढते, दोन शेळ्या सांभाळते, पाणी भरते, स्वतःच्या दोन एकरांत तूर खुरपते, तिचे हे काम रोजगारात नीट मोजलेच जात नाही. ती दुसऱ्याच्या शेतावरून स्वतःच्या शेतावर गेली तर मालकाच्या लेखी ती बसून राहिली. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा घागरीमागे घागर धरून रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांचे तास कोणत्या टक्केवारीत धरले?

रकमेचा हिशेब केला तर तक्रारीतला फुगवटा आपोआप बसतो. २०२४-२५मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. पंधराशे रुपये म्हणजे महिन्यातली पाच दिवसांची हजेरी. ऊसतोडीचा दर जानेवारी २०२४मध्ये ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ झाला. त्या हिशेबाने हे चार टनांचे पैसे, ते कोयत्याच्या जोडीला दोन-तीन दिवसांत सुटतात. महिन्याची पाच दिवसांची हजेरी मिळाली म्हणून उरलेले पंचवीस दिवस कोणतेही घर बसून काढू शकत नाही. तेल, डाळ, शाळेची वही आणि दवाखान्याची एक फेरी यांतच ते संपतात. शिवाय आडतीत बसून ही तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खात्यात पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० असे बारा हजार येतात; २०१९ आणि २०२३पासून येतात. त्यामुळे शेतकऱ्यांनी पेरणी सोडली, असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. तेच तर्कशास्त्र अठरा हजारांना मात्र लागू होते, कारण ते बाईच्या नावावर आहेत आणि ती बाई मजूर आहे.

तरी या आक्षेपाला जगाच्या अनुभवावर घासून पाहायला हवे. नुसत्या गणिताने माणसाचे वागणे कळत नाही. इंग्लंडमध्ये १७९५च्या सुमारास स्पीनहॅमलँड पद्धतीने गरीब मजुरांना भाकरीचा भाव आणि घरातली माणसे पाहून पैसे मिळू लागले. १८३४च्या आयोगाने या पैशाने मजूर बिघडला असा निकाल दिला आणि त्यावरून मदतीसाठी वर्कहाउसात राहण्याची अट घालणारा कायदा आला. मार्क ब्लॉग यांनी १९६३मध्ये त्या आयोगाचाच कागद उलगडून दाखवले की पुरावा निकालाला पुरत नव्हता, निकाल आधीच ठरलेला होता. अलीकडे अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात काटेकोर प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१७मध्ये मांडले, की कुटुंबांना मिळालेल्या रोख मदतीने स्त्रिया किंवा पुरुष काम कमी करतात असा सलग पुरावा कुठेच मिळत नाही. आपल्याला सर्वांत जवळचा दाखला मध्य प्रदेशातला. २०११-१२मध्ये 'सेवा' संघटनेने इंदूर भागातल्या काही गावांत प्रौढाला २०० आणि मुलामागे १०० रुपये महिना, आणि पुढे वाढवून ३०० आणि १५०, विनाअट दिले. मुलांचे पैसे आईच्या हातात. तिथे एकूण काम वाढले, पण त्याची जात बदलली: लोक दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात, जनावरांत, लहान धंद्यात जास्त वेळ घालू लागले. मालकाच्या नजरेतून पाहाल तर मजूर घटला. कुटुंबाच्या नजरेतून पाहाल तर कमाई वाढली. लातूर-नांदेडच्या तक्रारीचा खरा गाभा मला या ठिकाणी दिसतो.

पोलंडचे उदाहरण उलट बाजूचे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तिथे २०१६मध्ये दुसऱ्या मुलापासून दरमहा ५०० झ्लॉटी मिळू लागले, आणि अभ्यासकांना आयांचा श्रमातला सहभाग दोन-तीन टक्क्यांनी घटलेला दिसला. पण का, हे पाहिले पाहिजे. पहिल्या मुलाचे पैसे उत्पन्नाच्या मर्यादेला बांधलेले होते. आईने पगार घेतला आणि मर्यादा ओलांडली की पहिल्या मुलाचे सगळे पैसे जात. अटीनेच तिला नोकरी सोडायला सांगितले. आपल्याकडची अडीच लाखांची मर्यादा खुरपणाऱ्या बाईला आड येत नाही, कारण तिची हजेरी कुठे नोंदलीच जात नाही आणि पिवळे-केशरी रेशनकार्ड असले की उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. ती आड येईल ती उद्या पगाराच्या पावतीवर येणाऱ्या बाईला: लातूरच्या एखाद्या कारखान्यात, नांदेडच्या रुग्णालयात किंवा कंत्राटी नोकरीत दोघा नवराबायकोंचे मिळून उत्पन्न मर्यादेच्या वर गेले की पंधराशे बंद. म्हणजे या योजनेत काम टाळायला लावणारे काही असेलच, तर ते नोंदलेल्या, बऱ्या पगाराच्या नोकरीच्या दारात आहे, सोयाबीनच्या शेतात नाही. टीका करायची तर त्यावर व्हायला हवी. निवडणुकीआधी झपाट्याने अर्ज भरून घ्यायचे आणि २०२५मध्ये सव्वीस लाखांवर नावे अपात्रतेच्या संशयाखाली तपासायला काढायची, या कारभाराने तर कोणत्याही बाईला या पैशाच्या भरवशावर पुढचा विचार करता येणार नाही.

मग २०२४-२५च्या हंगामात बाया कमी का दिसल्या? कारणे समजायला आडतीबाहेर पाहावे लागते. या दोन्ही जिल्ह्यांतली तरुण जोडपी कित्येक वर्षे पुणे आणि हैदराबादच्या वाटेला लागली आहेत. मुली बारावीपर्यंत आणि पुढे शिकतात आणि शिकलेली मुलगी दुसऱ्याच्या बांधावर जात नाही. ज्वारी, कापूस, मूग, उडीद, तूर अशी पसरलेली कामे जाऊन सगळे शिवार सोयाबीनखाली आले, त्यामुळे मजुरीची गरज वर्षभर कमी आणि पंधरा दिवस प्रचंड अशी झाली. बायांनीही हजेरी सोडून टोळी करून गुत्त्याने काढणी घ्यायला सुरुवात केली. एकराचा दर ठरला की दिवसात जास्त सुटते आणि मालकाचे ऐकावे लागत नाही. यातले काहीही ऑगस्ट २०२४मध्ये सुरू झालेले नाही. पंधराशेने यात भर घातली ती सौदा करण्याच्या ताकदीची. पोर तापाने फणफणलेले असताना, पाळीच्या दिवसांत, भर उन्हात पाच किलोमीटरवर कमी दराने जायला ती नाही म्हणू शकते. मुकादमाची पावसाळी उचल घेताना एखाद्या घरात आकडा थोडा कमी लागू शकतो, आणि उचल जितकी कमी तितकी फडात अंग टाकण्याची मोकळीक जास्त. रक्कम लहान आहे म्हणून परिणामही लहानच राहणार. पण या जिल्ह्यांच्या इतिहासात काम न मागता या दिशेने ढकलणारी रोकड नव्हती, आणि उचलीची रोकड उलट दिशेने ओढणारीच होती.

सीमेपलीकडे पाहिले तरी हेच. उदगीर, देवणी, निलंगा यांच्या शेजारच्या, कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात २०२३च्या ऑगस्टपासून 'गृहलक्ष्मी' योजनेचे दरमहा २,००० आणि त्याआधी जूनपासून बायकांना बसप्रवास मोफत. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे तेलंगणात डिसेंबर २०२३पासून बस मोफत. तेलंगणाच्या योजना आम्हाला द्या, नाहीतर आम्हालाच तिकडे घ्या, असे धर्माबाद-बिलोलीकडच्या गावांनी यापूर्वी सरळ सांगितले आहे. महाराष्ट्राने मार्च २०२३मध्ये एसटीचे तिकीट बायकांना अर्धे केले. आईच्या कमाईच्या दृष्टीने अर्ध्या तिकिटाचे मोल पंधराशेंपेक्षा कमी नसावे, कारण ते तिला चार गावांपलीकडच्या कामापर्यंत, तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचवते, आणि ते बाहेर पडल्याशिवाय मिळतच नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा आहे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात या एका योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले. सामाजिक न्याय खात्याचा निधी इकडे वळवला म्हणून त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. दलित वस्तीचा रस्ता किंवा आदिवासी वसतिगृह अडवून त्याच घरांतल्या बायकांना पंधराशे देणे याला मदत म्हणता येणार नाही. हा आक्षेप मान्य. पण त्यातून 'पैसे बंद करा आणि काम द्या' हे जे सहज सुचवले जाते ते मान्य नाही, कारण काम देण्याची हमी देणाऱ्याच राज्याने १९८८नंतर हमी आखडली हे वर आलेच आहे. काम आणि पैसा यांच्यात निवड करायला लावणे ही १८८०च्या आयोगाची मांडणी. आईबापांच्या रोजगाराचा प्रश्न तिच्यात बसत नाही. दोघांनी कामावर जायचे तर मूल कोणापाशी ठेवायचे, हा त्यातला पहिला प्रश्न आहे. आज तो थोरली मुलगी शाळा बुडवून सोडवते, नाहीतर आजी सोडवते, नाहीतर आई घरी राहते आणि मालक म्हणतो की पंधराशेने ती सुस्तावली.

यावर उत्तर आपल्याच कायद्यांत पडून आहे. रोजगार हमीच्या कामावर सावली, पाणी आणि पाळणाघर असावे, हा नियम महाराष्ट्राने चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच केला होता. २००५च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे मनरेगाने, तो आणखी नेमका केला: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले आली तर एका बाईने फक्त ती मुले सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी. फेब्रुवारी २००६मध्ये हा कायदा ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत लागू झाला त्यांत नांदेड होता. तरी अशी बाई किती कामांवर बसवली गेली हे हजेरीपट काढून बघण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. अंगणवाडी दुपारी सुटते आणि खुरपणी-काढणी संध्याकाळी. ऑक्टोबरचे तीन आठवडे अंगणवाडी संध्याकाळी सहापर्यंत उघडी ठेवायची, त्यासाठी गावातल्या एका-दोघींना रोजाने जास्तीचे पैसे द्यायचे, यासाठी लागणारी रक्कम ३६ हजार कोटींपुढे नगण्य आहे. काढणीला बाया मिळत नाहीत म्हणणाऱ्या शेतकऱ्यांनी येत्या खरिपाआधीच्या ग्रामसभेत हा ठराव आधी मांडावा, आणि पंधराशेंची चर्चा त्यानंतर करावी.